गिअरबॉक्समधलं नव्वद नंबरचं तेल काढून ७५डब्ल्यू-८० टाकलं, त्याला आठ महिने झाले

गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक, पाच गिअरची, रनिंग आता ७८ हजार. राहतो परभणीला, आणि पंधरा-वीस दिवसांतून एकदा गंगाखेड-परळीवरून अंबाजोगाईला चक्कर असते.

मागच्या वर्षी मे महिन्यात क्लच प्लेट बदलली. त्यासाठी गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो, आतलं तेल जातं. परत भरताना मिस्त्रीनं बॅरलमधलं तेल ओतलं. कोणतं म्हणून विचारलं तर म्हणे, "नव्वद नंबर. समद्या गाड्यायला हेच टाकतो सर, काही होत नाही." मीही मान डोलावली. उन्हाळाभर खरंच काही झालं नाही. उलट पाचव्या गिअरला जी बारीक घूं ऐकू यायची ती बंद झाली, म्हणून मी खूश.

मग डिसेंबर आला. परभणीची थंडी काय चीज आहे ते इथल्यांना सांगायला नको. सकाळी साडेसहाला गाडी काढली, पहिला गिअर पडला, दुसऱ्याला दांडा असा अडला की पावसाळ्यात काळ्या रानात पाय रुतावा. जोर लावला की कर्रर्र. पोखर्णी फाट्यापर्यंत गाडी तापली की सगळं सुरळीत. रोज हाच खेळ.

संशय आधी क्लचवरच गेला, कारण काम ताजं होतं. इंजिन चालू ठेवून क्लच पूर्ण दाबला, तीन-चार सेकंद थांबलो आणि रिव्हर्स टाकला. आवाज न होता पडला. म्हणजे क्लच नीट सुटत होता. आणि गाडी तापल्यावर दुखणं जातं म्हटल्यावर तेलाकडेच बघायला हवं होतं.

डॅशबोर्डच्या खणातलं कंपनीचं पुस्तक सहा वर्षांत पहिल्यांदा उघडलं. त्यात छापलेलं: ७५डब्ल्यू-८०, जीएल-४. बॅरलवर होतं ८०डब्ल्यू-९०, जीएल-५. दोन्ही आकडे चुकलेले.

जीएल म्हणजे गिअर ऑइलची प्रत. तिचा घोळ आधी सांगतो, कारण दुकानदारानंही मला "पाच म्हणजे चारच्या वरचं, भारीच की" असं ऐकवलं. जीएल-५ हे मागच्या डिफरन्शियलमधल्या (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा डबा) हायपॉइड नावाच्या गिअरसाठी असतं. तिथे दाते एकमेकांवर दाबाखाली घासत सरकतात, म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसची रसायनं जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. आपल्या गिअरबॉक्समध्ये मात्र सिंक्रोच्या रिंगा असतात, बऱ्याचदा पितळेच्या. दांडा ढकलला की ही रिंग गिअरच्या कोनाला घासते, दोघांचा वेग एक होतो, मग दाते बसतात. तिला पकड लागते. तेल जास्त निसरडं असेल तर रिंग नुसतीच घसरते आणि वेग जुळायच्या आत दाते भिडतात. तोच तो कर्रर्र. शिवाय तापलेल्या तेलातलं गंधक पितळाला खातं, ते वेगळंच.

दुसरी गल्लत नंबरची. इंजिनात ४० आणि गिअरमध्ये ९० म्हणजे दुपटीहून जाड, असं मीही समजत होतो. दोन्ही मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. १०० अंशाला ९० चं गिअर ऑइल साधारण ४० किंवा ५० च्या इंजिन ऑइलइतकंच दाट असतं. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीचा. तो जितका कमी, तितकं तेल गारठ्यात वाहतं राहतं.

बदलायला दुसऱ्या गॅरेजात गेलो आणि स्वतः खड्ड्यात उतरून बघितलं. आधी भरायचा बोल्ट सुटतोय का ते पाहायचं, निचऱ्याचा नंतर. उलटं केलं आणि वरचा अडकून बसला तर गाडी तेलाविना तिथेच उभी. तेल कोमट असताना काढलं. वास सडक्या अंड्याचा. निचऱ्याच्या बोल्टवरच्या चुंबकाला करडी मलमासारखी पेस्ट होती. ती चालते, धातूचे तुकडे निघाले असते तर घाबरायचं. नवीन तेल भरायच्या भोकातून ओघळेपर्यंत भरलं. गाडी मात्र सपाट हवी, तिरकी असली की लेव्हल फसते.

फरक? दुसऱ्या दिवशी सकाळीच दुसरा गिअर पडला, थोडा जड, पण आवाज नाही. पुढे जानेवारीतही तसंच. एप्रिल-मेच्या उन्हात पातळ तेलाची धास्ती होती. बेचाळीस अंशात परळीहून वर घाट चढलो, गिअर तसाच मऊ. हे तेल टाकल्यापासून नऊ हजार किलोमीटर झालेत, गळती नाही.

आता तक्रारी. पाचव्याची घूं परत आली. मायलेज वाढल्याचं लोक सांगतात, मला तरी जाणवलं नाही. आणि घाटात तिसऱ्यावरून घाईनं दुसरा टाकला तर अजून कधीतरी खर्र होतं. ती रिंग त्या सात महिन्यांत झिजली असणार, तेल बदलून ती भरून येत नाही.

लिटरच्या तीन बाटल्या आणल्या होत्या, एक जवळपास भरलेली उरली. शेजारचे काका त्यांच्या जीपच्या मागच्या डिफरन्शियलला मागत होते. दिली नाही. म्हटलं, काका, तुमच्या जीपला तिथे ते बॅरलवालंच बरोबर आहे.