बाहेर लावायचा ४जी राउटर : वाडीतल्या कौलारू घरावर आठ महिने

मार्च ते ऑक्टोबर २०२५. एक कडक उन्हाळा, मे अखेरीसच येऊन ठाकलेला पावसाळा आणि एक गणपती, एवढ्या काळाचा हा हिशेब. जागा दक्षिण रत्नागिरीतली. घर खाली वाडीत, माडा-पोफळींच्या आगरात, आणि टॉवर समोरच्या सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, सरळ रेषेत साधारण दोन किलोमीटर. पडवीत मोबाइलला दोन कांड्या, माजघरात एक, मागच्या खोलीत काहीच नाही. फायबरची तार डांबरी रस्त्यापर्यंत येऊन थांबलेली. अशा घरासाठी सिमवर चालणारा, खांबावर बसवायचा ४जी राउटर घ्यावा का? घ्यावा. पण खोक्यावर छापलेल्या ३०० एमबीपीएसच्या आकड्यासाठी जादा पैसे मोजू नका. ते पाइप, केबल आणि सांध्यांवर घाला. आठ महिन्यांत जे जे बिघडलं, ते राउटरच्या आत एकदाही बिघडलं नाही.

राउटर घरात ठेवून फक्त अँटेना कौलांवर चढवायचा, हा पहिला प्रयोग बहुतेक जण करतात, आणि तो बहुतेक वेळा वाया जातो. साधं गणित आहे. बाजारात मिळणारा काट्याकाट्यांचा एका दिशेचा अँटेना (एलपीडीए) १० ते ११ डीबीआयचा असतो, म्हणजे सिग्नल साधारण तेवढ्या डीबीने (डेसिबलने) वाढवतो. त्याच्यासोबत येणारी बारीक काळी केबल आरजी-५८ जातीची. इथे कामाला येणाऱ्या ४जीच्या २३०० मेगाहर्ट्झवर ती दर मीटरला साधारण १ डीबी खाते. कौलांवरून माजघरापर्यंत १० मीटर केबल म्हणजे १० डीबी गेले. अँटेनाने कमावलं ते केबलने वाटेतच संपवलं. एलएमआर-४०० वापरली तर तेवढ्याच अंतरात दोन-सव्वादोन डीबीच जातात, पण ती बोटाएवढी जाड, महाग आणि वळवायला हट्टी. शिवाय टूबायटू मायमोसाठी, म्हणजे दोन अँटेनांवरून एकाच वेळी डेटा घेण्यासाठी, दोन लागतात. त्यापेक्षा रेडिओच अँटेनाजवळ नेऊन ठेवावा आणि खाली फक्त नेटवर्क केबल आणावी. ती १०० मीटरपर्यंत काही गमावत नाही आणि वीजही तीच वर नेते. बाहेरच्या राउटरची सगळी करामत एवढ्यातच आहे.

आता आकडे. माजघरात आरएसआरपी उणे ११४ डीबीएम आणि एसआयएनआर १ होता. २० फुटी पाइपाच्या टोकावर उणे ९३ आणि १५. कांड्या मोजू नका, हे दोनच आकडे बघा. आरएसआरपी म्हणजे टॉवरचा आवाज किती मोठा येतो, आणि एसआयएनआर म्हणजे गोंगाटातून तो किती स्पष्ट ऐकू येतो. स्पीड ठरतो तो दुसऱ्यावर. शून्याच्या खाली गेला तर रडतखडत चालतं, १३ च्या वर चांगलं, २० च्या वर उत्तम.

उंची का लागते? माडांच्या शेंड्यांमधून टॉवर नुसता डोळ्यांना दिसला म्हणून भागत नाही. दोन किलोमीटरच्या अंतरावर २३०० मेगाहर्ट्झच्या लहरींना वाटेच्या मध्यावर सगळ्या बाजूंनी आठेक मीटरची मोकळी जागा हवी असते. निदान त्यातली साठ टक्के तरी मोकळी असावी. म्हणून पाइपाची जागा ठरवताना घराचा सर्वांत उंच कोपरा निवडू नका. ज्या कोपऱ्यातून वाटेत सर्वांत कमी झावळ्या येतात तो निवडा. इथे तो न्हाणीघराकडचा, म्हणजे घराचा सर्वांत सखल कोपरा निघाला.

पाइप दीड इंची जीआय, मध्यम जाडीचा, २० फुटांचा अख्खा. चिऱ्याच्या भिंतीत रावल प्लग धरत नाही. चिरा आतून भुसभुशीत असतो आणि पहिल्या वादळात बोल्ट भोकासकट मोकळा होतो. एकतर भिंतीतून आरपार बोल्ट घालून आतून पट्टी लावा, नाहीतर पाइप जमिनीत दोन फूट काँक्रीटमध्ये रोवून भिंतीला फक्त आधाराचे दोन क्लॅम्प द्या. दुसरा मार्ग बरा, कारण वाऱ्याची थरथर कौलांच्या वाशांपर्यंत पोचत नाही. वरून तारेचे तीन ताण द्यावेत. पाइप डुलला की वरच्या राउटरच्या डब्याचं तोंडही डुलतं, आणि वाऱ्याच्या दिवशी एसआयएनआर १५ आणि ८ यांच्यात झोके घेत राहतो.

दिशा ठरवायला घाई नको. आधी राउटरच्या पानावर शिरा. पत्ता १९२.१६८.१.१ किंवा तसलाच काहीतरी डब्याच्या मागे छापलेला असतो. सिग्नलच्या पानावर बँड (लहरींचा पट्टा), पीसीआय (टॉवरवरच्या सेलचा ओळख क्रमांक), आरएसआरपी आणि एसआयएनआर दिसतील. डबा १५-१५ अंशांनी फिरवा, दर वेळी पुरता एक मिनिट थांबा आणि आकडे वहीत लिहा. फोनवरचं नेटमॉन्स्टर हे सिग्नल मोजणारं ॲप टाइमिंग अ‍ॅडव्हान्स दाखवत असेल तर त्या आकड्याला ७८ ने गुणा, टॉवर किती मीटरवर आहे ते कळतं. इथे २६ आला, म्हणजे दोन किलोमीटर, म्हणजे सड्यावरचाच टॉवर. सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर आसपासचे टॉवर नकाशावर पाहता येतात, त्यांच्याशी हे ताडून घ्यावं. शेवटी डबा घट्ट करायचा तो एसआयएनआर सर्वाधिक येईल त्या कोनात. आरएसआरपी तिथे दोन-तीन डीबीने कमी असला तरी चालेल.

बँडची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण तक्रारींचं मूळ बहुधा इथेच असतं. राउटर आपोआप जोडायला सोडला की तो इथे बँड ५ पकडतो, म्हणजे ८५० मेगाहर्ट्झ. आरएसआरपी उणे ८८, कांड्या भरलेल्या, आणि स्पीड ६ ते ८ एमबीपीएस. ८५० ची लहर ३५ सेंटिमीटर लांब. ती डोंगराला वळसा घालून दरीपलीकडच्या टॉवरवरूनही येते, म्हणून जोरदार दिसते. पण राउटरच्या पानावर तिची रुंदी बघा, इथे ती फक्त ५ मेगाहर्ट्झ. त्यातून टूबायटू मायमो धरूनसुद्धा कागदोपत्री ३७ च्या वर जात नाही, आणि तेवढ्यातच चार वाड्या पाणी भरतात. बँड ४०, म्हणजे २३०० मेगाहर्ट्झ, कुलूपबंद केल्यावर (राउटरला फक्त तोच पकडायला लावल्यावर) आरएसआरपी पाच डीबीने उतरला, पण रुंदी २० मेगाहर्ट्झ मिळाली. पहाटे ४५, संध्याकाळी १२ ते १८, अपलोड ८ च्या आसपास. म्हणून बँड लॉकची सोय नसलेला राउटर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. एकच सावधगिरी : टॉवरचा बँड ४० दुरुस्तीसाठी बंद पडला, तर कुलूपबंद राउटर मुकाट बसून राहतो. घरातल्या कोणाला तरी ते कुलूप काढता आलं पाहिजे. पायऱ्या कागदावर लिहून यूपीएसशेजारी चिकटवून ठेवाव्यात.

पावसाबद्दल गैरसमज फार आहेत. या बँडांवर पावसाच्या थेंबांनी सिग्नल गळत नाही, जुलैच्या मुसळधारेतही आरएसआरपी एक-दोन डीबीच हलला. ओली पानं मात्र सिग्नल खातात. समोरच्या कलमांनी पालवी धरल्यावर आणि त्यावर पाऊस झाल्यावर तीन-चार डीबी गेले, ते ऊन पडल्यावर परत आले. मग धो धो पावसात नेट का जातं? कारण बहुतेकदा टॉवरच्या पाठीमागे असतं. गावाकडचे कितीतरी टॉवर पुढच्या टॉवरला फायबरने नव्हे, मायक्रोवेव्हच्या गोल थाळीने जोडलेले असतात. ती थाळी १५ किंवा २३ गिगाहर्ट्झसारख्या उंच पट्ट्यात चालते, आणि तिथे पाऊस खरोखरच आडवा येतो. ओळखायची खूण सोपी. सिग्नलचे आकडे जसेच्या तसे, पण पिंग (उत्तर परत यायला लागणारा वेळ) ४० मिलिसेकंदांवरून ६०० वर. अशा वेळी खांबावर चढून डबा फिरवू नका. अर्धा तास थांबा.

पाण्याने खरा घात केला तो सांध्यात. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात राउटरच्या पानावर लॅनचा, म्हणजे नेटवर्क केबलवरच्या जोडणीचा, वेग १००० एमबीपीएसवरून १०० वर आलेला दिसला. हा इशारा कधीही सोडू नका. गिगाबिटला केबलच्या चारही जोड्या लागतात, एखादी जोडी गेली की जोडणी निमूटपणे दोन जोड्यांच्या १०० वर उतरते. नेट चालूच राहतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. डबा उतरवून ग्लँड (केबल डब्यात शिरते तिथलं रबरी बूच) उघडली, तर आतल्या रबराच्या कडेला पाण्याचा बारीक थेंब लोंबत होता आणि प्लगच्या आठ पिनांपैकी दोनांवर हिरवट किटण चढलं होतं. उरलेल्या सहा अजून पिवळ्याधमक. केबलमधून डीसी वीज जात असताना ओलावा आला की तांबं अक्षरशः आठवड्यांत खाल्लं जातं, आणि तेही वीज वाहणाऱ्या पिनांवर आधी. पाणी वरून आलं नव्हतंच. केबल डब्यापर्यंत सरळ उतरत आणली होती, तिच्याच पाठीवरून ओघळ आत शिरला होता. उपाय : १५ सेंटिमीटर केबल कापून नवा प्लग, पिनांवर डायइलेक्ट्रिक ग्रीस, ग्लँडच्या बाहेर आपोआप चिकटणाऱ्या रबरी टेपचे तीन थर, वर साधी काळी टेप. आणि डब्याच्या तोंडाशी केबलला एक वीतभर खाली झोळ, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी जमून तिथूनच ठिबकतं. त्यानंतर परतीचा पाऊस संपेपर्यंत वेग १००० वरच राहिला.

केबल घेताना ब्लेडने एक तार खरवडून पाहा. आत चंदेरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियम, दुकानदाराला परत द्या. अशा केबलवर ३० मीटरमध्ये व्होल्टेज इतकं पडतं की २४ व्होल्टचा राउटर एरवी नीट चालतो आणि व्हिडिओ कॉल सुरू झाला की रीस्टार्ट होतो. अपलोडच्या वेळी रेडिओ जास्त वीज ओढतो म्हणून असं होतं. दोष राउटरला दिला जातो. बाहेरची केबल काळ्या पॉलिथिन आवरणाचीच हवी. करड्या पीव्हीसीला दोन उन्हाळ्यांत चिरा जातात.

विजेचा धोका कोकणात जुलैत कमी, एप्रिल-मेच्या अवकाळीत आणि ऑक्टोबरात जास्त. पाइपाला स्वतंत्र अर्थिंग द्या, केबल घरात शिरते तिथे इथरनेट सर्ज प्रोटेक्टर लावा, आणि तरीही ढग गडगडायला लागले की केबलमध्ये वीज सोडणाऱ्या इंजेक्टरमधून केबल काढून ठेवा. प्रोटेक्टर जवळ पडलेल्या विजेच्या धक्क्यापासून वाचवतो, अंगावर पडलेल्या विजेपासून नाही.

बाहेरचा डबा आणि आतला वायफाय मिळून १० वॉट लागतात. १०,००० एमएएचचा मिनी यूपीएस म्हणजे आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टने ३७ वॉट-तास, घट धरून तीन तास. दोन-तीन तासांच्या लाईट जाण्याला तो पुरतो. दिवसभर लाईट नसली तर टॉवरचीच बॅटरी आधी मान टाकते, म्हणून यापेक्षा मोठा घेण्यात अर्थ नाही.

गणपती. २७ ऑगस्टच्या चतुर्थीच्या तीन दिवस आधीपासून गौरी-विसर्जनापर्यंत संध्याकाळचा स्पीड १ ते २ एमबीपीएस. आरएसआरपी तोच, एसआयएनआर थोडा उतरलेला, पण आरएसआरक्यू रात्री दोनला उणे ७ आणि संध्याकाळी उणे १३. टॉवरवर किती गर्दी आहे, हे हाच आकडा सांगतो. चाकरमानी आले, वाडी भरली, आरतीचं थेट प्रक्षेपण मुंबईला चाललंय. ही गर्दी कुठल्याही अँटेनाने हटत नाही. कामाच्या फाइली पहाटे चार ते सातमध्ये चढवाव्यात, एवढंच हातात असतं. यावर उपाय म्हणून सिग्नल बूस्टर विकणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. परवान्याशिवाय असा बूस्टर, म्हणजे रिपीटर, लावणं बेकायदा आहेच, शिवाय तो टॉवरच्या कानात सतत गोंगाट भरतो आणि अख्ख्या वाडीचं अपलोड बसतं.

सिमच्या बाबतीत दोन गोष्टी. रोजच्या कोट्याचा प्लॅन राउटरला पुरत नाही, आणि कोटा संपल्यावरच्या ६४ केबीपीएसवर साधी बँकेची साइटही उघडत नाही. महिन्याचा एकगठ्ठा डेटा घ्या. दुसरं, मोबाइल नेटवर तुम्हाला स्वतःचा सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता मिळत नाही, म्हणून सीसीटीव्हीसाठी पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून थेट कॅमेऱ्यापर्यंत वाट उघडणं) करत बसू नका. सिमच्या जोडणीच्या सेटिंगमध्ये (एपीएन) आयपीव्ही४व्ही६ ठेवा आणि कॅमेरे टेलस्केलसारख्या खासगी नेटवर्कच्या मार्गाने बघा. ऑफिसचं व्हीपीएन जोडलं जातं पण पानं उघडत नाहीत, असं झालं तर राउटरमधला एमटीयू (डेटाच्या एका पाकिटाचा कमाल आकार) १४०० करून पाहा.

५जीचा डबा का घेतला नाही, असं विचारलं जातं. १ ऑक्टोबर २०२२ ला देशात ५जी सुरू झालं, पण त्याचा खरा वेग ३३०० मेगाहर्ट्झच्या रुंद पट्ट्यात आहे. ती लहर नऊ सेंटिमीटरची, आगराच्या पहिल्या रांगेतच अडते. ७०० चा पट्टा वाडीत उतरतो, पण तो १० मेगाहर्ट्झचा, तेव्हा चांगल्या बँड ४० पेक्षा फार पुढे जात नाही. घरातून टॉवर झाडांविना स्वच्छ दिसत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे ५जीच घ्या. २०२० च्या टाळेबंदीत इथली मुलं अभ्यासासाठी सड्यावर जाऊन बसत होती. आज त्याच सड्यावरून माजघरात ४५ एमबीपीएस उतरतात, ते या दीड इंची पाइपामुळे.

एकूण खर्च : राउटर आठ हजारांच्या आसपास, पाइप-काँक्रीट-ताण तीन हजार, ३० मीटर तांब्याची केबल, सर्ज प्रोटेक्टर, टेप आणि यूपीएस मिळून साडेचार हजार. पुढच्या पावसाआधी, मेच्या पहिल्या आठवड्यात, ग्लँडची टेप सोडून नवी गुंडाळायची आहे, ताण पुन्हा आवळायचे आहेत, आणि समोरच्या दोन कलमांच्या फांद्या मालकाला विचारून छाटायच्या आहेत.