तोंडी सूचना की नमुन्याची भिंत?

सकाळी मुकादमाला बाजूला घेऊन "आज काम नीट करा" म्हणायचं, की साइटवर मीटरभर भिंत आधी बांधून घ्यायची? मी दोन्ही करून पाहिलंय. वीटकाम आणि गिलाव्यासाठी माझा कौल नमुन्याच्या भिंतीलाच.

तोंडी सांगणं पटकन होतं, खर्चही नाही. पण "नीट" म्हणजे काय, हे प्रत्येक गवंड्याचं वेगळं असतं. निरोप मुकादमाकडून मिस्त्रीकडे, मिस्त्रीकडून बिगाऱ्याकडे जातो. टोळीत कोणी कन्नड बोलतं, कोणी बंगाली. निम्मं वाटेतच गळतं.

नमुन्याला भाषा लागत नाही. दोन विटांमधला 10 मिलिमीटरचा सांधा डोळ्यांना दिसतो, भिजलेली वीट हाताला कळते. ओळंबा सोडून, दोरी लावून ती भिंत मिस्त्रीनेच उभी करावी, म्हणजे ती त्याची होते. आतल्या गिलाव्याची 12 मिलिमीटर जाडी तिथेच मोजून घ्यावी. अर्धा दिवस जातो, हे खरं. पण पुढे चुकलेली भिंत पाडायची वेळ आली, तर "असं सांगितलंच नव्हतं" म्हणायला जागा उरत नाही. काम अंगावर, म्हणजे रोजावर नाही तर कामाच्या मापावर दिलं असेल, तर दर ठरण्याआधीच नमुना दाखवा. तिथे पैसे वेगाचे असतात, आणि गवंड्यालाही नंतर फसवल्यासारखं वाटता कामा नये.

काही गोष्टी मात्र भिंतीवर दिसत नाहीत: दिवसात दीड मीटरच्या वर बांधकाम चढवायचं नाही, किमान सात दिवस पाणी मारायचं. त्या रोज तोंडीच सांगाव्या लागतात.