स्टीम: खेळांचे उत्तम दुकान, पण घरच्या बचतीचा राखणदार नव्हे

व्हॅल्व्ह या अमेरिकन कंपनीचे स्टीम हे संगणकावरील खेळांचे ऑनलाइन दुकान आमच्या घरी गेली चार वर्षे वापरात आहे. खेळांची निवड, रुपयांतील किमती, यूपीआयने पैसे भरण्याची सोय, शिवाय चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत केल्यास मिळणारे पैसे, यांपैकी कशाबद्दलही माझी तक्रार नाही. हे परीक्षण मी एका वेगळ्या प्रश्नासाठी लिहीत आहे. मुलगा ज्या संगणकावर स्टीमवरून गेम उतरवून घेतो, त्याच संगणकावर घरातली बचत सुरक्षित राहते का?

फुकटात मिळणारे क्रॅक केलेले (म्हणजे संरक्षण तोडून बेकायदा वाटलेले) गेम टाळले आणि नावाजलेल्या दुकानातूनच गेम घेतले की धोका संपला, असा माझाही समज होता. तो २०२५ मध्ये मोडला. त्या फेब्रुवारीत पायरेटफाय नावाचा मोफत गेम स्टीमवरून काढावा लागला, कारण त्यात पासवर्ड चोरणारा विडार हा प्रोग्राम दडलेला होता. ज्यांनी तो गेम चालवला होता त्यांना व्हॅल्व्हने स्वतः कळवले की अँटिव्हायरसने पूर्ण तपासणी करा आणि गरज वाटल्यास संगणक फॉरमॅट करण्याचाही विचार करा. त्याहून मन विषण्ण करणारे प्रकरण ब्लॉकब्लास्टर्सचे. हा गेम जुलै २०२५ च्या अखेरीस आला तेव्हा निर्धोक होता. महिन्याभराने, ३० ऑगस्टच्या अपडेटमधून त्यात घातक फाइली घुसवण्यात आल्या. सप्टेंबरमध्ये लाटव्हियातील एका कर्करुग्ण तरुणाने थेट प्रक्षेपण करत असताना हा गेम उतरवून घेतला आणि उपचारांसाठी लोकांकडून जमवलेले सुमारे ३२,००० डॉलर त्याच्या क्रिप्टो वॉलेटमधून, म्हणजे आभासी चलनाच्या डिजिटल पाकिटातून, नाहीसे झाले.

या गेमची कार्यपद्धती समजून घेण्यासारखी आहे. अपडेटबरोबर आलेली एक छोटी बॅच फाइल (संगणकाला ओळीने आज्ञा देणारी फाइल) आधी संगणकावर कोणता अँटिव्हायरस चालू आहे हे पाहत असे आणि स्टीमच्या लॉगिनची माहिती गोळा करून बाहेर पाठवत असे. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर सोडून दुसरा कोणताही अँटिव्हायरस नसेल, तरच पासवर्डने बंद केलेली झिप फाइल उघडून पुढचे प्रोग्राम बाहेर काढले जात, आणि ते ज्या फोल्डरमध्ये ठेवायचे तो फोल्डर डिफेंडरच्या तपासणीतून वगळला जाई. त्यानंतर ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, लॉगिन चालू ठेवणाऱ्या कुकीज आणि क्रिप्टो वॉलेट यांवर हात मारला जाई. पडद्यावर मात्र गेम नेहमीसारखाच चालू राही.

स्टीमबद्दलचा माझा खरा आक्षेप इथे आहे. नवा गेम विक्रीला ठेवण्याआधी व्हॅल्व्ह तो तपासते, पण त्यानंतरचे प्रत्येक अपडेट त्याच तपासणीतून जात नाही. ऑक्टोबर २०२३ पासून अपडेट प्रसिद्ध करणाऱ्या निर्मात्याला फोनवर आलेला कोड द्यावा लागतो. हा उपाय चोरीला गेलेल्या खात्यांसाठी चांगला आहे. निर्माताच लबाड असेल तर तो कोडही तोच भरणार. लॉगिन करताना जादा कोड मागणारा स्टीम गार्डही स्टीमचे खाते राखतो, संगणक नव्हे.

आमच्याकडे क्रिप्टो नाही, म्हणून मी काही काळ निश्चिंत होतो. मग एका रविवारी मुलाबरोबर बसून त्याच संगणकावरच्या ब्राउझरच्या सेटिंगमधील पासवर्डची यादी उघडली. बँक, डीमॅट, म्युच्युअल फंड आणि माझा मुख्य ईमेल, सगळे एकाखाली एक. मुलाने विचारले, "बाबा, हे सगळं माझ्या गेमच्या लॉगिनमध्ये का आहे?" त्या क्षणी मला उत्तर सुचले नाही. पैसे वळते करायला ओटीपी लागतो हे खरे, पण ईमेलची कुकी चोराच्या हाती लागली की पासवर्ड बदलण्याच्या लिंक, खात्यांचे उतारे आणि ईमेलवर येणारे ओटीपी त्याला वाचता येतात.

त्यानंतर आम्ही केलेल्या बदलांपैकी सर्वांत उपयोगी ठरला तो विंडोजमध्ये मुलासाठी वेगळे, साधे, म्हणजे ॲडमिनचे अधिकार नसलेले खाते. या खात्यातून चाललेल्या प्रोग्रामला दुसऱ्या खात्यातील फाइली सहसा उघडता येत नाहीत आणि डिफेंडरमधून फोल्डर वगळायचा झाला तर ॲडमिनचा पासवर्ड लागतो. तो फक्त मला आणि पत्नीला माहीत आहे. काही ऑनलाइन गेमची अँटिचीट, म्हणजे खेळातील लबाडी रोखणारी, यंत्रणा बसवताना मला उठून पासवर्ड टाकावा लागतो. हा त्रास मी आनंदाने सोसतो. बँकेचे व्यवहार आता त्या संगणकावर होतच नाहीत, ब्राउझरमधले सगळे पासवर्ड पुसून दुसऱ्या उपकरणावरून बदलले आहेत आणि डेबिट कार्डावरचे परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून बंद ठेवले आहेत, कारण परदेशी संकेतस्थळांवर अनेकदा ओटीपी न विचारताच पैसे कापले जातात.

एवढे करूनही पैसे गेलेच, तर वेळ फार मोलाची असते. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करावा आणि बँकेला लेखी कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे ठरवले होते की, चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा फसवणुकीत बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केल्यास ग्राहकावर नुकसानीचा भार पडू नये. क्रिप्टोला असे कोणतेही संरक्षण नाही, आणि त्या तरुणाची हानी मला म्हणूनच अधिक बोचते.

स्टीम आम्ही सोडलेले नाही. मुलगा नवा, विशेषतः मोफत आणि अनोळखी निर्मात्याचा गेम घेण्याआधी मला दाखवतो, आणि खेळून झालेले गेम ठेवून न देता काढून टाकतो, म्हणजे त्यांची अपडेट येतच नाहीत. गेल्या आठवड्यात त्याने असे अकरा गेम काढले.