खाऱ्या पाण्यात तापमान ओळखणारा लेप : पीनिपाम घ्यावा की पोएगमा?

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी काचेवर गार पाण्यात फुगणारा आणि कोमट पाण्यात मिटणारा पॉलिमरचा, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंचा, लेप चढवायचा ठरलं, की जळगाव-धुळ्याकडचे विद्यार्थी पहिला प्रश्न हमखास विचारतात : आमच्या बोअरच्या मचूळ पाण्यात हा लेप चालेल का? काळजी रास्त आहे. पण हिशोब मांडला तर खरी अडचण वेगळ्याच ठिकाणी निघते, आणि पीनिपाम व पोएगमा या दोन पॉलिमरांपैकी कोणता घ्यायचा हे तिच्यावरच ठरतं.

आधी जुना, खात्रीचा गडी. पॉली-एन-आयसोप्रोपिल-ॲक्रिलामाइड, प्रयोगशाळेच्या बोलीत पीनिपाम. शुद्ध पाण्यात साधारण 32 अंशांखाली त्याच्या साखळ्या पाणी धरून पसरलेल्या असतात. त्याच्या वर गेलं की धरलेलं पाणी सुटतं आणि साखळ्या आखडून गोळा होतात. टोकियोत तेरुओ ओकानो यांच्या गटाने 1990 च्या सुमारास याच गुणावर पेशी वाढवायच्या बशा केल्या : 37 अंशांना पेशी चिकटून वाढतात आणि बशी गार केली की एंझाइम न घालता अलगद सुटतात.

यात मीठ आलं की आखडण्याचं तापमान खाली घसरतं. एक लिटरमध्ये 9 ग्रॅम मीठ, म्हणजे दवाखान्यातलं सलाईन, एवढ्याने ते जेमतेम दीड-दोन अंश उतरतं. लिटरला 58 ग्रॅम घातलं तर विशीच्या आसपास येतं. काकडीला मीठ लावल्यावर पाणी सुटतं तसंच हे, असं कुणी सांगितलं तर मानू नका. तिथे पेशीच्या पडद्यातून पाणी मिठाकडे ओढलं जातं. इथे पडदाच नाही. साखळीला चिकटलेल्या पाण्याची पकड आयन, म्हणजे विरघळलेल्या मिठाचे विद्युतभारित कण, ढिली करतात, आणि पाणी धरून राहणं साखळीला परवडेनासं होतं.

सगळे क्षार सारख्या ताकदीचे नसतात. फ्रांझ हॉफमाइस्टर यांनी 1888 मध्ये अंड्यातल्या प्रथिनावर प्रयोग करून क्षारांची उतरंड लावली, तीच इथे लागू पडते. आपल्याकडे ती समजावायला केळीच्या बागेतली ठिबकची टाकी पुरेशी आहे. शून्य-शून्य-पन्नास हे खत म्हणजे सल्फेट : सगळ्यांत जोरकस, मोलला मोल (कणांची संख्या सारखी) धरलं तर क्लोराइडच्या कित्येक पट. पोटॅश म्हणजे क्लोराइड : मधलं. तेरा-शून्य-पंचेचाळीस म्हणजे नायट्रेट : त्याहून हलकं. तिन्हीत पोटॅशियम तेच, फरक पाडतो तो जोडीदार ऋण आयन. उतरंडीच्या दुसऱ्या टोकाचे आयोडाइड आणि थायोसायनेट तर थोड्या प्रमाणात असताना आखडण्याचं तापमान किंचित वरच नेतात, कारण ते साखळीलाच जाऊन चिकटतात.

आता बोअरचा हिशोब. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची शेवटची मर्यादा लिटरला 2000 मिलिग्रॅम आहे. ते सगळं साधं मीठ धरलं तरी पीनिपाम अर्धा अंशसुद्धा हलत नाही. म्हणजे त्याच्या तापमानासाठी बोअरचं पाणी शुद्ध पाण्यासारखंच. कठीण पाण्याचा त्रास वेगळा आहे : लेप हवेत वाळू दिला की वर चुन्याची पांढरी खपली धरते आणि मापं बिघडतात. त्यामुळे शेवटचं धुणं डिस्टिल्ड पाण्यानेच करा. खताच्या टाकीतलं घट्ट द्रावण मात्र लेपाला खरोखर हलवतं, त्याची चाचणी घेण्यासारखी आहे.

खरी अडचण आहे उन्हाची. मे महिन्यात भुसावळला पारा 45 च्या पुढे जातो. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी 32 च्या किती वर असेल ते हात घातला की कळतं. नळ सोडून ‘गार’ धुणी करायला गेलात तर पीनिपाम आधीच मिटलेला. लेप फुगतच नाही, आणि विद्यार्थी समजतो की आपली अभिक्रिया फसली. दोन आठवडे तो लेप पुन्हा पुन्हा चढवत बसतो, याचं मला फार वाईट वाटतं.

इथे पोएगमा उजवा ठरतो. मेथाक्रिलेटच्या कण्यावर इथिलीन ग्लायकॉलच्या आखूड शेपट्या, अशी त्याची घडण. आखूड आणि थोड्या लांब शेपट्यांचे मोनोमर (साखळीचे सुटे दुवे) कमीजास्त मिसळून त्याचं तापमान सव्वीसपासून नव्वदीपर्यंत हवं तिथे बसवता येतं. चाळीसच्या वर ठेवलंत तर खानदेशी उन्हाळ्यातही काम होईल. मीठ त्यालाही खाली ओढतं, पण कमी. शिवाय पीनिपाम मिटल्यावर साखळ्या आपसांत हायड्रोजन बंध बांधतात, म्हणून गार करताना उघडायला उशीर लावतात. पोएगमाकडे असे बंध देणारे गट नाहीत, त्यामुळे मिटतानाचं आणि उघडतानाचं तापमान जवळपास एकच. उणी बाजूही सांगतो : त्याचा मिटलेला लेपही बरंच पाणी धरून असतो, त्यामुळे ओलं-कोरडं हा फरक पीनिपामइतका ठसठशीत दिसत नाही.

सल्फोबिटेनचे, म्हणजे एकाच शेपटीवर धन आणि ऋण असे दोन्ही भार असलेल्या पॉलिमरचे, लेपही आहेत आणि त्यांची चाल उलटी आहे : मिठाने ते मिटत नाहीत, उघडतात. सुरुवातीच्या प्रोजेक्टला मी ते देणार नाही.

तुमचा प्रश्न ‘कोणता क्षार किती हलवतो’ हा असेल तर पीनिपामच घ्या, पण तापमान धरणारं वॉटर बाथ आणि बर्फ हाताशी असेल तरच. उतरंड त्याच्यात स्वच्छ दिसते. लेप पुढे बागेत, टाकीत किंवा उन्हात वापरायचा विचार असेल तर पोएगमा.

दोन्हींत एक चूक टाळा. परीक्षानळीतलं पॉलिमरचं द्रावण ज्या तापमानाला गढूळ होतं तेच तापमान लेपाचं म्हणून लिहू नका. लेपात साखळ्यांचं एक टोक काचेला बांधलेलं आणि शेजारी दाटी, म्हणून बदल एका अंशावर न होता काही अंशांत पसरतो. कोरड्या लेपावर थेंब ठेवून त्याच्या कडेचा पृष्ठभागाशी होणारा कोन (लेप किती ओला होतो ते सांगणारा) मोजण्यापेक्षा काच त्याच क्षाराच्या द्रावणात उलटी बुडवा, खालून हवेचा बुडबुडा चिकटवा आणि त्याच्या कोनाचे दर दोन अंशांनी फोटो काढा.