सुरिकाटा: इंजिन भक्कम, नियमपुस्तिका मात्र जपून वाचावी

जळगावात मुख्य कार्यालय आणि रावेर, यावल व चोपडा येथे शाखा असलेल्या एका पतसंस्थेच्या नेटवर्कची देखभाल माझ्याकडे आहे. तेथे घुसखोरी ओळखण्यासाठी सुरिकाटा हे मुक्त सॉफ्टवेअर चालवले जाते. परवाना शुल्क नाही, प्रोसेसरचे अनेक कोअर एकाच वेळी वापरण्याची सोय आहे आणि नोंदी जेसन स्वरूपात मिळतात. इंजिनाबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही. म्हणून हे परीक्षण मुख्यतः कोणती रहदारी संशयास्पद धरायची हे इंजिनाला सांगणाऱ्या नियमांच्या लेखनपद्धतीचे आणि सुरिकाटाच्या पुस्तिकेचे आहे.

नियमाचा सांगाडा स्नॉर्ट या घुसखोरी ओळखणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरकडून आलेला आहे. मार्टिन रोश यांनी स्नॉर्ट १९९८ मध्ये प्रसिद्ध केले, तर सुरिकाटाची पहिली स्थिर आवृत्ती २०१० मध्ये आली. आधी कृती, मग प्रोटोकॉल, दोन्हीकडचे पत्ते व पोर्ट, मधे दिशादर्शक बाण आणि शेवटी कंसात अर्धविरामांनी तोडलेले पर्याय, ही मांडणी दोन्हीकडे सारखीच दिसते. मराठी येते म्हणून अहिराणी पूर्ण समजलीच असे गृहीत धरणाऱ्या पाहुण्याची जी फसगत होते, तीच स्नॉर्टचे जुने नियम जसेच्या तसे सुरिकाटात आणणाऱ्याची होते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे वेबपत्त्याची लांबी तपासणारा ‘यूआरआयलेन’ हा पर्याय. त्यात २<>१० असे लिहिले, तर स्नॉर्ट २ आणि १० या दोन्ही टोकांचा समावेश करते. सुरिकाटा मात्र २ पेक्षा जास्त आणि १० पेक्षा कमी, म्हणजे ३ ते ९ एवढीच लांबी धरते. दोन्हीकडे नियम बिनतक्रार चढतो, चाचणीतही पास होतो, आणि नेमकी टोकाची लांबी असलेली विनंती एकीकडे पकडली जाते, दुसरीकडे निसटते. नियम अडला तर माणूस तो दुरुस्त तरी करतो. न अडता वेगळा अर्थ घेणारा नियम महिनोन्महिने तसाच राहतो, आणि माझ्या मते पुस्तिकेची खरी कसोटी अशाच जागी लागते.

एचटीटीपीच्या, म्हणजे वेब-रहदारी तपासणाऱ्या, पर्यायांतही हीच अडचण आहे. जुन्या पद्धतीत शोधायचा मजकूर आधी आणि तो कोठे शोधायचा हे नंतर लिहिले जाई. नव्या पद्धतीत बफरचे, म्हणजे विनंतीच्या ज्या भागात शोधायचे त्याचे, नाव आधी येते आणि पुढचे बफर येईपर्यंतचा सगळा मजकूर त्याच बफरात शोधला जातो. इंजिन दोन्ही पद्धती स्वीकारते, त्यामुळे नियमसंचांत आणि प्रशिक्षणाच्या टिपणांत दोन्ही सरमिसळ आढळतात. नवशिक्याने एका नियमात एकच पद्धत ठेवावी आणि ती नवी असावी.

अलर्टची, म्हणजे नियम जुळल्यावर मिळणाऱ्या इशाऱ्यांची, संख्या आवरण्याचा भाग पुस्तिकेत नेमका आहे, पण थोडक्यात उरकलेला आहे. ‘लिमिट’ प्रकारात ठरावीक काळात ठरावीक संख्येपर्यंतच अलर्ट येतात, ‘थ्रेशोल्ड’ प्रकारात दर ठरावीक जुळणीला एक अलर्ट येतो, आणि ‘डिटेक्शन फिल्टर’ मर्यादा ओलांडल्यानंतरच्या प्रत्येक जुळणीला अलर्ट देतो. हा फरक शाखांच्या जोडणीत फार महत्त्वाचा ठरतो. रावेरची संपूर्ण शाखा नॅटमुळे (अनेक संगणकांना बाहेर एकच पत्ता देणाऱ्या पद्धतीमुळे) मुख्य कार्यालयाला एकाच पत्त्यावरून दिसते, आणि पाठवणाऱ्या पत्त्यावरून मोजणी करणारा नियम सगळ्या कर्मचाऱ्यांचे चुकलेले पासवर्ड एकत्र मोजतो. केळीच्या हंगामात काउंटरवर गर्दी असताना असा नियम निष्पाप शाखेवर बोट ठेवतो. पुस्तिकेत अशा जोडणीचे एखादे उदाहरण हवे होते.

नियमांची देवाणघेवाण पीडीएफ किंवा वर्ड फाइलींतून करणे हा वेगळाच त्रास आहे. एका पुरवठादाराने दिलेल्या फाइलीत सरळ अवतरणचिन्हांची जागा वळणदार चिन्हांनी घेतली होती आणि उणे व मोठेपणाचे चिन्ह मिळून होणारा बाण एकाच अक्षराचा झाला होता. येथे सुरिकाटाची एक सवय लक्षात ठेवावी: ते सदोष नियम वगळून बाकीच्यांसह सुरू होते, चूक फक्त लॉगमध्ये नोंदवते. चुकीवर थांबायला लावणारा पर्याय उपलब्ध आहे, तो मुद्दाम चालू करावा लागतो. मी तो प्रत्येक ठिकाणी चालू ठेवतो.

पुस्तिकेत प्रशंसनीय असे एक प्रकरण आहे, ते स्नॉर्टपासूनच्या फरकांचे. वरचा यूआरआयलेनचा मुद्दा तेथे उदाहरणासह दिला आहे. आधीच्या जुळणीपासून ठरावीक अंतरावर डेटा आहे का हे पाहणाऱ्या सापेक्ष ‘इजडेटाअ‍ॅट’ तपासणीतील एका बाइटचा फरकही तेथेच सापडतो. मात्र एकेका पर्यायाची माहिती शोधत आलेला वाचक त्या प्रकरणापर्यंत पोहोचेलच असे नाही. प्रत्येक पर्यायाच्या पानावरच तो फरक एका ओळीत द्यायला हवा होता. आवृत्तीकडेही लक्ष असावे: उबुंटू २२.०४ या लिनक्स प्रणालीच्या सॉफ्टवेअर-भांडारात सहाव्या मालिकेतील सुरिकाटा मिळते, तर ‘लेटेस्ट’ या नावाखाली दिसणारी पुस्तिका विकासाधीन आवृत्तीची असते. आपल्या आवृत्तीचीच पाने उघडावीत.

स्वतंत्र सुरक्षा कर्मचारी नसलेल्या लहान संस्थांनी सुरिकाटा जरूर घ्यावे, तयार मोफत नियमसंच ‘सुरिकाटा-अपडेट’ने आणावेत आणि स्वतःचे नियम मोजकेच ठेवावेत. या स्वतःच्या नियमांना १०,००,००० ते १९,९९,९९९ या स्थानिक वापराच्या पट्ट्यातील क्रमांक द्यावेत, म्हणजे बाहेरून आलेल्या नियमांशी त्यांची टक्कर होणार नाही.