द्राक्षाच्या मुळांसाठी जिवाणू की मायकोरायझा?

खरड छाटणी (उन्हाळ्यातील छाटणी) उरकली आणि बोद (वेलींच्या ओळीतला मातीचा उंच वरंबा) उकरायला घेतले की, यंदा मुळांना जिवाणू कल्चर द्यावे की मायकोरायझा, म्हणजे मुळांशी सहजीवन करणारी बुरशी, हा प्रश्न नाशिक भागातील द्राक्ष बागायतदारापुढे उभा राहतो. दिंडोरी तालुक्यातील माझ्या डॉगरिज खुंटावरच्या (या जातीच्या मुळांवर कलम केलेल्या) बागेत मी दोन्ही वापरली आहेत. माझी जमीन चुनखडीची, मध्यम काळी आहे, त्यामुळे पुढील मत त्या मातीपुरते धरावे. ट्रायकोडर्माला मायकोरायझा समजण्याची चूक अनेकांकडून होते, म्हणून आधीच सांगतो की ती बुरशी वेगळी असून तिचा विचार येथे केलेला नाही.

दोघांची मुळाशी नाते जोडण्याची रीत मुळातच भिन्न आहे, आणि निवड करताना तीच लक्षात घ्यावी असे मला वाटते. मूळ जमिनीत साखर आणि सेंद्रिय आम्ले पाझरते, त्या वासाच्या मागावर सुडोमोनास, बॅसिलस किंवा स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू ओलाव्याच्या पातळ थरातून पोहत मुळापर्यंत येतात आणि पृष्ठभागावर, विशेषतः दोन पेशींच्या सांध्यात व उपमुळे फुटतात त्या जागी, चिकट थर करून वस्ती करतात. ही वस्ती सलग नसते, ठिपक्याठिपक्यांची असते. मुळाचे टोक रोज पुढे सरकते आणि जिवाणू बरेचसे मागे राहतात. शिवाय मातीत आधीपासून असलेले सूक्ष्मजीव या पाहुण्यांना फार काळ टिकू देत नाहीत, त्यामुळे सोडल्यानंतर काही आठवड्यांत त्यांची संख्या घटत जाते.

याच कारणाने मात्रा पुन्हा पुन्हा द्यावी लागते, आणि माझा कल ज्या त्रासामुळे बदलला तो येथूनच सुरू झाला. मी 200 लिटरच्या ड्रममध्ये गूळ घालून कल्चर वाढवत असे आणि दर पंधरवड्याला ते ठिबकमधून सोडत असे. कापडातून दोनदा गाळूनही दुसऱ्याच महिन्यात ओळींच्या शेवटच्या झाडांखालची माती कोरडी दिसू लागली. एक ड्रिपर काढून नखाने उघडला, तर आत तपकिरी, बुळबुळीत साय धरलेली होती. बोटावर घेतली तर तिला आंबलेल्या गुळाचा वास येत होता. जो चिकट थर मुळावर बसावा म्हणून मी खटपट करत होतो, तो नळीतच बसला होता. लॅटरलची (ओळीतल्या ठिबक नळ्यांची) टोके उघडून फ्लश केले, तरीही तो पुरता सुटेना. आम्ल सोडून ठिबक धुवावे, तर मागोमाग जिवाणू सोडायला चार दिवस थांबावे लागे. ऐन मे महिन्यात, काडीत घड तयार होण्याच्या काळात, शेवटच्या झाडांना पाण्याचा ताण बसला, हे मला फार लागले. कंपनीचे तयार द्रवरूप कल्चर गुळाशिवाय सोडल्यास हा त्रास पुष्कळ कमी होतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु वेळापत्रकाची बांधिलकी तशीच राहते.

मायकोरायझाची बुरशी मुळाच्या आत शिरते. स्फुरदाची चणचण भासणारे मूळ स्ट्रिगोलॅक्टोन नावाची द्रव्ये सोडते, त्यांच्या इशाऱ्याने बीजाणूतून निघालेल्या तंतूला फांद्या फुटतात, आणि तो सालीच्या पेशींत शिरून झुडपासारखी रचना उभारतो. देवाणघेवाण तेथे होते. झाड आपल्या अन्नापैकी साधारण 4 ते 20 टक्के वाटा बुरशीला देते. बदल्यात मूळकेसांहूनही बारीक तंतू, मूळ जेथे पोहोचत नाही अशा काही सेंटिमीटर दूरच्या मातीतून स्फुरद आणि जस्त आणून देतात. चुनखडीच्या जमिनीत जिवाणूंनी सोडलेले आम्ल बरेचसे चुन्यातच जिरते, म्हणून तेथे ही लांब पोहोच मला अधिक मोलाची वाटते. बागेचा बोद दरवर्षी नांगरला जात नसल्याने तंतूंचे जाळेही टिकून राहते.

हे सर्व डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे पहिले वर्ष मी साशंकतेतच काढले. वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या माझ्या पुतण्याने बागेतील पांढरी (नवी, कोवळी) मुळी कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात उकळून, व्हिनेगर आणि शाईत रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली, तेव्हा मुळाच्या आत निळे तंतू आणि त्यांवर लांबट गोल फुगे स्पष्ट दिसले. मायकोरायझा दिलेल्या ओळींची पाने एप्रिल-मेच्या दुपारी शेजारच्या ओळींपेक्षा उशिरा मलूल होत, असे मला दोन हंगाम जाणवले. मोजमाप मी केलेले नाही, आणि त्या ओळींची माती थोडी खोल असण्याचाही तो परिणाम असू शकेल.

मायकोरायझाच्याही अटी आहेत. कोबी, फ्लॉवर, मुळा, पालक, बीट यांच्या मुळांशी ही बुरशी नाते जोडतच नाही, त्यामुळे त्या पिकांसाठी जिवाणूच घ्यावेत. कांद्याला मूळकेस कमी असल्याने मात्र ती चांगली मानवते. स्फुरदाचा भरपूर डोस दिलेल्या जमिनीत झाड तिला फारसे आत घेत नाही, आणि कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी (मुळाशी द्रावण ओतणे) तिला घातक ठरते.

द्राक्षासाठी निवड करायची असेल, तर मी मायकोरायझाकडे झुकेन. सुपर फॉस्फेट या स्फुरद खताचा हात आखडता घ्यावा, पांढरी मुळी चालू झाल्यावर बोद हलकेच उकरून पावडर थेट मुळीला लागेल अशी टाकावी आणि लगेच मातीआड करून पाणी द्यावे. जिवाणू मी आजही देतो, पण वर्षातून दोनदाच, शेणखतात मिसळून, ठिबकपासून दूर.