महाभियोगाची कारणे समजून घेण्यासाठी 'कॉन्स्टिट्यूशन अ‍ॅनोटेटेड'

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला पदावरून दूर करण्याची कारणे तेथील संविधानाने एकाच वाक्यात सांगितली आहेत: देशद्रोह, लाचखोरी आणि 'हाय क्राइम्स अँड मिसडिमीनर्स' (ढोबळमानाने, गंभीर गुन्हे व गैरवर्तन). वाद आहे तो या तिसऱ्या शब्दसमूहाचा, आणि तो मुळापासून समजून घ्यायचा असेल, तर अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयातील संशोधन विभागाने तयार केलेली आणि 2019 पासून संकेतस्थळावर विनामूल्य खुली असलेली 'कॉन्स्टिट्यूशन अ‍ॅनोटेटेड' ही सेवा मला सर्वाधिक विश्वासार्ह वाटते.

मूळ कलमाखाली छोटे, तळटीपांनी भरलेले निबंध अशी तिची मांडणी आहे. त्यांतला ऐतिहासिक पार्श्वभूमीचा निबंध मी पुनःपुन्हा वाचला. 8 सप्टेंबर 1787 रोजी फिलाडेल्फियातील संविधान परिषदेत प्रतिनिधी जॉर्ज मेसन यांनी देशद्रोह व लाचखोरी अपुरी ठरवून 'गैरकारभार' हे कारण जोडण्याची सूचना केली. इतक्या मोघम शब्दामुळे राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या, मर्जीवरच पदावर राहील, असा आक्षेप दुसरे प्रतिनिधी जेम्स मॅडिसन यांनी घेतला, आणि मेसन यांनी तो शब्द सोडून आजचा शब्दसमूह सुचवला. राष्ट्राध्यक्ष नावडता आहे एवढे कारण पुरेसे नाही, हे या एका चर्चेतून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही व्याख्येतून होत नाही.

पुढील निबंधांत अँड्र्यू जॉन्सन, निक्सन, क्लिंटन आणि ट्रम्प या राष्ट्राध्यक्षांची प्रकरणे आहेत. 1868 मध्ये जॉन्सन सिनेटमध्ये एका मताने बचावले, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण 1974 मध्ये निक्सन यांच्याविरुद्ध तीन आरोप मंजूर करणाऱ्या, संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या न्यायविषयक समितीने करचुकवेगिरीचा आरोप मात्र फेटाळला होता, आणि सत्तेचा गैरवापर व खाजगी गैरवर्तन यांतील सीमारेषेचा विचार करताना मला हेच उदाहरण सर्वांत मोलाचे वाटते. सिनेटमधील महाभियोगाची सुनावणी कशी चालवावी, यात न्यायालय पडणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये एका न्यायाधीशाच्या खटल्यात ठरवल्यामुळे, या विषयात निकालांपेक्षा संसदेची प्रथाच अधिक बोलते.

भारताच्या अनुच्छेद 61 मध्ये 'संविधानाचे उल्लंघन' हे एकच कारण आहे आणि ते राष्ट्रपतींविरुद्ध आजवर वापरले गेलेले नाही. त्यामुळे आपल्या विधी शाखेच्या विद्यार्थ्यांनाही तुलनेसाठी ही सामग्री उपयोगी पडेल. मजकूर इंग्रजीत आणि कायद्याच्या परिभाषेत आहे, म्हणून नवख्या वाचकाने आधी मूळ कलम, मग 1787 ची चर्चा आणि त्यानंतरच प्रकरणे वाचावीत.